अक्षयाच्या घटस्फोटात माझी मदत

वकीलबाई विजयलक्ष्मी यांनी पहिल्याच भेटीत बोटं मोजून सांगितलं होतं. घटस्फोटाचे खटले का लांबतात? एक, समोरच्याला नोटीस पोचत नाही. पत्ता बदललेला असतो, नाहीतर माणूस दाराआड लपतो. दोन, पोचली तरी तो येत नाही. तीन, पोटगी आणि दागिने. चार, मूल कोणाकडे राहणार. पाच, न्यायाधीशांची बदली, वकिलांचा बहिष्कार, उन्हाळ्याची सुट्टी. पाच बोटं संपल्यावर त्यांनी मूठ मिटली आणि इथल्या तमिळ चालीवर म्हणाल्या, "सार, तुमच्या मुलीच्या बाबतीत यातली पहिली चार नाहीतच. दोघांना वेगळं व्हायचंय, दोघं सही करायला तयार, मूल नाही, मागणं नाही. सहा महिने धरा."

सोळा महिने लागले. वकीलबाईंच्या हाताला बोटं पाचच, त्यामुळे सहावं कारण मोजायचं राहून गेलं. ते कारण त्यांच्यासमोरच बसलं होतं, मांडीवर कापडी पिशवी घेऊन, आणि मान डोलावत होतं.

मी शामसुंदर राव. कृषी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. चौतीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही फाइल अपुऱ्या कागदांनी पुढे गेली नाही. पुष्कळशा गेल्याच नाहीत, पण तो मुद्दा वेगळा. अक्षया माझी एकुलती एक मुलगी, कोइंबतूरला एका यंत्रांच्या कंपनीत इंजिनियर. जावई सूर्या होसूरला. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि वेगळं राहायला एक. यात वाईट कोणीच नव्हतं, हीच मोठी अडचण. जावई दारुडा असता तर मी चार लोकांत मान वर करून मुलीची बाजू घेतली असती. पण सूर्या मला वाकून नमस्कार करणारा, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं पाठ असलेला मुलगा. मी अक्षयाला विचारलं, "मग झालं तरी काय?"

"काहीच होत नाही, अप्पा. तेच झालं," ती म्हणाली. "तो घरी नसला की मला घरी जावंसं वाटतं. त्यालाही तसंच वाटतं. आम्ही एकमेकांना विचारून घेतलं."

शिवाय तिच्या कंपनीनं तिला तीन वर्षांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं होतं. पुढच्या मे महिन्यात रुजू व्हायचं. "मला हे इथं पुरं करून जायचंय," ती म्हणाली. "एक पाय कोर्टात अडकवून नाही." तारखांना ते दोघं येणार होते, पण मधली धावपळ कोणी करायची? मी म्हटलं, "मी आहें कीं." तेव्हा माझ्या बायकोनं, मीनाक्षीबाईंनी, स्वयंपाकघरातून माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की दुसरा कोणी असता तर तिथंच थांबला असता.

तर अर्ज तयार झाला जुलैच्या शेवटी, म्हणजे ऐन आडी महिन्यात, तमिळ आषाढात. आता आम्ही मराठी असलो तरी तीनशे वर्षं कावेरीचं पाणी पितो. कुंभकोणात आडी महिन्यात कोणी नवं घर बघत नाही, लग्न ठरवत नाही, कुकरसुद्धा विकत घेत नाही. मी वकीलबाईंना म्हटलं, आडी संपू द्या. त्या म्हणाल्या, "सार, आडीत शुभकार्य करत नाहीत. हे शुभकार्य आहे का?" मी म्हटलं, "माझ्या मुलीचं प्रत्येक कार्य शुभच." वाक्य मला फार आवडलं. तीन आठवडे गेले ते याच वाक्यापायी.

आडी संपून आवणी लागल्यावर मी शास्त्र्यांकडे गेलो. पंचांगात विवाह आहे, मुंज आहे, बी पेरणं आहे, गाय विकत घेणं आहे, घटस्फोट नाही. त्यांना खरं सांगायला माझी जीभ रेटेना. म्हटलं, कोर्टात कागद दाखल करायचेत. ते म्हणाले, "जागेचं काम?" मी म्हटलं, तसंच काहीसं. "कायम टिकावं असं ना?" मी थोडा विचार करून होय म्हटलं, कारण घटस्फोटही टिकायलाच हवा. त्यांनी एक शुक्रवार काढून दिला. उत्तम दिवस, फक्त साडेदहा ते बारा राहूकाळ, तेवढा टाळा.

कोर्टाच्या खिडकीचा कामाचा जोर नेमका साडेदहा ते बारा. त्या शुक्रवारी वकीलबाई अर्ज मागत होत्या आणि मी फाइल पोटाशी धरून कडुनिंबाखालच्या बाकावर बसलो होतो. राहूकाळात फाइल हातातून सोडणार नाही, असं मी स्वच्छ सांगितलं.

"सार," त्या म्हणाल्या, "मुलीचं लग्न चांगल्या मुहूर्तावर लावलं होतं ना?"

"म्हणजे काय. तीन शास्त्र्यांना विचारून."

"मग?"

त्या एवढंच म्हणाल्या. मी बारा वाजून पाच मिनिटांनी खिडकीशी गेलो. रांग फाटकापर्यंत होती. माझी पाळी आली तेव्हा जेवणाची सुट्टी झाली, आणि जेवणानंतर वीज गेली. पुढचा चांगला दिवस तीन आठवड्यांनी होता.

ते तीन आठवडे मी स्वस्थ बसलो असतो तरी चाललं असतं. पण रिकामा हेडक्लार्क फार वाईट. अर्जाचे कागद चाळताना माझ्या लक्षात आलं की अक्षयाच्या लग्नाची नोंदणीच झालेली नाही. फॉर्म मी त्याच वेळी आणला होता, तो कपाटात पिवळा पडला होता. वकीलबाई म्हणाल्या, लग्नपत्रिका आणि फोटो पुरतील. "पुरेल" हा शब्द मला नोकरीतही आवडत नसे. जे लग्न कागदावर लागलेलंच नाही ते कागदावर मोडणार कसं? मी अक्षयाला आणि सूर्याला एका सोमवारी बोलावून घेतलं आणि वकीलबाईंना काहीच बोललो नाही. त्यांना चकित करायचा बेत होता, आणि तेवढा एक बेत पार पडला.

साक्षीदार म्हणून मी, मीनाक्षीबाई आणि मणी असे तिघं गेलो. मणीचं आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान आहे. कोणत्याही विषयावर सल्ला देण्याआधी तो चष्मा पुसतो. त्याला मी एवढंच सांगितलं होतं की पासपोर्टासाठी दाखला हवाय. नोंदणी कचेरीतल्या बाईंनी फॉर्म बघितला आणि त्या खूष झाल्या. "चार वर्षांनी आठवण झाली का? बरं झालं. मुलीला संरक्षण राहतं." मग फोटो. कॅमेऱ्यासमोर दोघं हातभर अंतर ठेवून उभे राहिले. बाई म्हणाल्या, अहो, नवरा-बायको ना तुम्ही, जरा जवळ या. सूर्या अर्धा पाऊल सरकला, अक्षयानं त्याच्याकडे बघितलं, आणि दोघं असे हसत सुटले की फोटो तीनदा काढावा लागला. "इतकं हसणारं जोडपं महिन्यात एखादंच येतं," बाई म्हणाल्या. कचेरीनं गोड मागितलं. मी अर्धा किलो मैसूरपाक आणला. मणीनं चष्मा पुसला आणि पुढच्या वर्षी या दोघांचे तिघं होवोत असा आशीर्वाद दिला.

दाखला घेऊन मी वकीलबाईंकडे गेलो तेव्हा छाती दोन इंच पुढे होती. त्यांनी तारीख वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली.

"सार, मला नीट समजू द्या. घटस्फोटाच्या अर्जाला आपण गेल्या आठवड्यात केलेली लग्नाची नोंद जोडणार?"

"पक्का पुरावा."

"न्यायाधीश पहिलं काय विचारतील, माहितेय? गेल्या आठवड्यात तुम्हांला इतकं काय झालं होतं?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दाखला जुना दिसायला लागेपर्यंत वकीलबाईंनी फाइल कपाटात ठेवली. मधे दसरा आला, दिवाळी आली. डिसेंबरात त्यांनी फाइल काढली तर मार्गळी महिना लागला होता. मार्गळीत काय करतात? पहाटे उठून भजन. बाकी काही नाही. मला तोंड उघडावंसुद्धा लागलं नाही. त्या स्वतःच म्हणाल्या, "पोंगल होऊ द्या, नाही का?" त्यांच्या आवाजात मला आदर वाटला. मीनाक्षीबाईंच्या मते तो आदर नव्हता.

तै जन्मला की वाट जन्मते, असं इथले लोक म्हणतात. तै महिन्यात, जानेवारीच्या अखेरीला, आमचा अर्ज एकदाचा दाखल झाला आणि बारा दिवसांनी परत आला. दोन हरकती होत्या. पहिली अशी की जोडपत्रांच्या झेरॉक्स प्रतींवर पक्षकारांची नावंच नाहीत. याचं असं झालं की झेरॉक्स मणीच्याच दुकानात काढायच्या. मणी कागद यंत्रावर ठेवण्याआधी वाचतो. म्हणून मी घरी बसून प्रत्येक पानावरच्या नावांवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. एक्केचाळीस जोडपत्रं, त्यांच्या चार प्रती, आणि सगळ्यांत एक निनावी बाई एका निनावी पुरुषापासून घटस्फोट मागत होती. प्रतींत नावं हातानं परत भरायची आहेत हे मी विसरलो. मणीनं मात्र पट्ट्यांखालची नावं यंत्राच्या उजेडात आरपार वाचली होती. हे मला फार पुढे कळलं.

दुसरी हरकत लग्नपत्रिकेवर. ती मराठीत. मीच हट्टानं मराठीत छापून घेतली होती, आमच्या जुन्या चालीची, "सहकुटुंब येऊन वधूवरांस आशीर्वाद द्यावा" वगैरे. पुण्याचे एक पाहुणे ती वाचून म्हणाले होते, पेशव्यांचं आमंत्रण आल्यासारखं वाटतं. आता कोर्ट म्हणालं, अधिकृत भाषांतरकाराकडून तमिळ करून आणा. कचेरीत यादी होती. यादीत मराठीसमोर एकच नाव होतं, शामसुंदर राव. नोकरीत असताना जुन्या जमिनीच्या कागदांसाठी मीच ते घालून घेतलं होतं, मोठ्या अभिमानानं. पण मुलीच्या बापानं केलेलं भाषांतर चालणार नाही, असं त्याच कचेरीनं मला सांगितलं. मी दुसऱ्या भाषांतरकारासाठी तंजावरला पत्र लिहिलं, मग स्मरणपत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी वकीलबाईंना हे कळलं. त्यांनी फाइल उघडली, पत्रिका बाहेर काढली, माझ्या हातात दिली आणि फाइल मिटली. "नोंदणीचा दाखला आहे ना. झालं," त्या म्हणाल्या.

मार्चमध्ये पहिली तारीख पडली. न्यायाधीशांनी दोघांना प्रश्न विचारले, दोघांनी उत्तरं दिली, आणि पुढे काय हे वकीलबाईंनी मला व्हरांड्यात समजावलं. कायद्यानं आता सहा महिने थांबायचं, दोघांचा विचार बदलतो का बघायला. पण दीड वर्षाहून जास्त वेगळे राहिले असतील आणि भांडण काही उरलं नसेल, तर कोर्ट हे सहा महिने माफ करू शकतं. तसा अर्ज त्या एप्रिलमध्ये देणार होत्या. "म्हणजे मे महिन्यात अक्षया मोकळी," त्या म्हणाल्या. "सार, तुम्हांला एकच विनंती. एप्रिलपर्यंत काही करू नका."

मी काही करणारच नव्हतो. ते आपोआप आलं.

आमच्या भजनमंडळीचं रुक्मिणी कल्याण दर वर्षी जवळच्या मरुदानल्लूरला होतं. देवाचं लग्न, पण थाट माणसांचा: पत्रावळ, वाद्यं, मुलीकडचे, मुलाकडचे. मुलीकडचे म्हणून दर वर्षी एका घरातलं धाकटं जोडपं पाटावर बसतं, आणि पाळी नऊ वर्षांनी येते. त्या वर्षी पाळी आमच्या घरची. मंडळीचे प्रमुख जानकीराम भागवत यांनी फोन केला, "शामसुंदर, लेक-जावई येतात ना?" आता सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम. पण मी म्हटलं, "येतात कीं. न येऊन कसं?" आणि फोन ठेवून पाच मिनिटं पंख्याकडे बघत बसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ मी दोन वर्षं इतकी घट्ट धरली होती की बोटं उघडायचीच विसरली होती.

अक्षया सरळ नाही म्हणाली. मग मी ते केलं ज्याची आज लाज वाटते. मी सूर्याला फोन केला. तो बिचारा म्हणाला, "मामा, एक सकाळच ना. येतो." तो येतो म्हटल्यावर तिलाही यावं लागलं. ती गाडीतून उतरली ती माझ्याशी एक शब्द न बोलता. पण पाटावर बसली, मुंडावळ्या बांधल्या, रुक्मिणीचा हात देवाच्या हातात दिला. दोघं शेजारी शेजारी इतके शोभत होते की मी मोबाइलवर चित्रफीत काढली. आणि मग, काय सांगू, मोबाइलमध्ये "सर्वांना पाठवा" असं काही असतं.

सर्वांना म्हणजे सर्वांना. मीनाक्षीबाईंच्या बहिणीला, गॅसवाल्याला, कृषी खात्यातल्या सेवानिवृत्तांना, वकीलबाईंना. आणि "कोर्ट" या नावानं मी जो नंबर जपून ठेवला होता, त्या खिडकीवरच्या कारकुनालासुद्धा. खाली मी लिहिलं होतं, "आमची अक्षया व जावई, सुखी संसार, देवाची कृपा."

वकीलबाईंचा फोन चार मिनिटांत आला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फार हळू बोलल्या. "सार, शपथपत्रात लिहिलंय की दोघं दीड वर्ष पती-पत्नी म्हणून राहिलेले नाहीत. ही चित्रफीत तुम्ही आणखी कोणाला पाठवली?" मी सांगितलं. त्यांनी यादी लिहून घेतली आणि फोन ठेवला.

अर्जाच्या दिवशी न्यायाधीशांनी कोणालाही रागावलं नाही. त्यांनी एवढंच म्हटलं की सणसमारंभ एकत्र करणाऱ्या जोडप्यानं सहा महिने विचार करायला हरकत नसावी. माफी नामंजूर. पुढची तारीख ऑक्टोबरात. अक्षयाचा मे महिना गेला. कंपनीनं डिसेंबरच्या एक तारखेपर्यंत मुदत वाढवली आणि कळवलं की ही शेवटची. त्यानंतर दुसऱ्याला पाठवू.

त्या संध्याकाळी ती घरी आली, बॅग खाली ठेवली आणि उभ्यानंच बोलली.

"अप्पा, तुम्ही मुद्दाम करत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणूनच जास्त त्रास होतो. सूर्यापासून सुटायला मला एक सही लागते. तुमच्या मदतीपासून सुटायला काय लागेल, सांगा."

मी म्हटलं, "मी तुझ्या भल्यासाठीच..."

"माझं भलं मी तुम्हांला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही ऐकून घेतलंत, फाइल केलीत, आणि वर पट्टी चिकटवलीत."

ती रात्रीची बस पकडून गेली. त्यानंतर तिचे फोन येत, ते आईला. "अप्पा बरे आहेत ना?" एवढं मला बाहेर ऐकू येई. मी बरा होतो. बरा माणूस जेवतो, पेपर वाचतो, मोबाइल वाजला की उठतो आणि तो आपला नाही कळल्यावर परत बसतो. मणीनं सल्ले दिले: वकील बदला, अमुक देवळात नऊ शुक्रवार दिवे लावा, त्याच्या मेहुण्याचा खटला अकरा वर्षं चालला होता तेव्हा धीर धरा. मी सगळं ऐकून घेतलं. त्याला हे कळलं कुठून, हेही विचारलं नाही.

आणि मग मी स्वतःशी एक कबूल केलं, ते इथं लिहून देतो. आडी, राहूकाळ, दाखला, भाषांतर, यातली प्रत्येक तारीख पुढे गेली तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. मला ते वेगळे व्हायलाच नको होते. सूर्या मला आवडत होता. आणि लोक काय म्हणतील याची भीती तर होतीच, ती त्याहून मोठी. मुलगी तिकडे मुदत मोजत होती आणि मी इकडे तिच्या नावानं स्वतःची अब्रू सांभाळत होतो.

पुढच्या शनिवारी मी मरुदानल्लूरला भजनाला गेलो. एक अभंग संपला, टाळ खाली ठेवले गेले, तेवढ्यात मी उभा राहिलो. म्हटलं, "मंडळी, एक सांगायचं राहिलंय. माझी मुलगी आणि जावई वेगळे होताहेत. दोन वर्षं झाली. कल्याणात मी त्यांस बसवलें, ती माझी चूक. क्षमा असावी."

कोणाचा चेहराही बदलला नाही. जानकीराम भागवतांनी पानाचा डबा बंद केला.

"शामसुंदर, आम्हांस ठाऊक आहे. बसा."

"ठाऊक? कधीपासून?"

"गेल्याच्या गेल्या आडीपासून. मीनाक्षीबाईंनी आमच्या घरी सांगितलें. तुमच्या कानावर जाऊं देऊं नका म्हणाल्या. त्यांना झेपायचें नाहीं म्हणाल्या."

"मग कल्याणात कशास बसूं दिलेंत?"

"तुम्ही 'येतात कीं' म्हणालांत," ते म्हणाले. "तुम्हांस नाहीं कोण म्हणणार? तुमचा आवाज फोनवर असा कांपरा येत होता." मग त्यांनी टाळ उचलले आणि मला पुढच्या अभंगाचं ध्रुपद धरायला सांगितलं.

म्हणजे अख्ख्या मरुदानल्लूरला ठाऊक होतं, आमच्या गल्लीला मणीमुळे ठाऊक होतं, आणि ज्याच्यापासून हे सगळे दोन वर्षं लपवत होते तो मी. घरी येऊन मी मीनाक्षीबाईंना जाब विचारला. त्या वांगी चिरत होत्या. "तुम्ही घाबरला होतां," त्या म्हणाल्या. "मी सांगून टाकलें. एकानं तरी सांगायला हवें होतें." मी उरलेली वांगी चिरायला घेतली.

ऑक्टोबरात वकीलबाईंच्या पाचव्या बोटातलं खरं कारण एकदाचं आलं. वकिलांचा बहिष्कार. तारीख अठरा नोव्हेंबरवर गेली. गंमत बघा, सोळा महिन्यांत कायद्यानं आपण होऊन केलेला उशीर एवढाच. अक्षयाला कागद हातात घेऊन महिनाअखेरीला निघायचं होतं. तिनं आईला फोन केला, "अप्पांना सांग, कोर्टात येऊ नका." मी म्हटलं, "येत नाहीं म्हणून सांग."

अठरा तारखेला साडेदहाला मी घराच्या ओट्यावर बसलो आणि काहीही केलं नाही. हे लिहायला सोपं आहे. फाइल नाही, पिशवी नाही, पंचांग नाही. मणी दोनदा येऊन चष्मा पुसून गेला. मी त्याला काही विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. पावणेबाराला वकीलबाईंचा निरोप आला: "मंजूर. नऊ मिनिटं."

नऊ मिनिटं. मी ते तीनदा वाचलं.

निकालाची प्रत मिळायला आठवडा लागला. सव्वीस तारखेला दुपारी अक्षया ती घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी चेन्नई, तिथून विमान. सूर्यानं तिला स्टँडवर सोडलं होतं आणि माझ्यासाठी गोळ्यांचं पाकीट पाठवलं होतं. ती ओट्यावर माझ्याशेजारी बसली. एप्रिलनंतर पहिल्यांदाच. मग तिनं प्रत माझ्यापुढे धरली.

"अप्पा, एकदा तपासून द्या. तिथल्या ऑफिसात जमा करायचीय. तुम्ही तपासलंत की मला काळजी नाही."

चौतीस वर्षांत कोणी मला असं म्हटलं नव्हतं. मी चष्मा लावला आणि वाचायला बसलो. खटला क्रमांक बरोबर. लग्नाची तारीख बरोबर. सूर्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, होसूरचा पत्ता, सगळं बरोबर. मग अर्जदार क्रमांक दोन. अक्षया, वय एकतीस, कैलासवासी शामसुंदर राव यांची मुलगी.

मी पुन्हा वाचलं. कैलासवासी.

कोणत्या टंकलेखकानं कुठल्या घाईत मला मारलं होतं, देव जाणे. पण कागद शिक्क्याचा होता. माझ्या हातात पेन आपोआप आलं. दुरुस्तीचा अर्ज, त्याला शपथपत्र, मी हयात असल्याचा दाखला, तो आमच्या कचेरीतून, त्यावर तहसीलदारांची सही, मग नोटीस, मग तारीख. सगळं मला स्पष्ट दिसत होतं. दोन महिन्यांत जमलं असतं. निष्काळजी कागद मुलीच्या हातात देऊन परदेशी पाठवायचं, आणि तेही बाप जिवंत असताना, हे माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. शिवाय अपमान तो अपमान.

"काही चूक आहे का?" अक्षयानं विचारलं. तिनं आवाज अगदी साधा ठेवला होता. पण तिचा हात बॅगेच्या पट्ट्यावर घट्ट होता, आणि तो मला दिसला.

मी पेनाचं टोपण लावलं. "नाही," मी म्हटलं. "एकही नाही. फार स्वच्छ टाइप केलंय. जा तू."

तिनं प्रत माझ्याकडून घेतली आणि डोकं माझ्या खांद्याला टेकवलं, लहानपणी टेकवायची तसं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. मग ती आत बॅग भरायला गेली. जाताना प्रत तिनं आईच्या हातात दिली. मीनाक्षीबाईंनी दारात उभं राहून ती सावकाश वाचली. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी वर बघितलं, माझ्याकडे, बराच वेळ. मग त्या प्रत घडी करून बॅगेत ठेवून आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"आतां जेवतां का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "वाढ."